दोन्ही हातांवर घड्याळं घालणारा लखूभाऊ

लखूभाऊ घड्याळाकडं आधी बघायचा नाय. आधी वास घ्यायचा. कुणी रुमालात गुंडाळलेलं, पट्टा तुटलेलं, काच पिवळी पडलेलं जुनं घड्याळ विकायला आणलं, की तो ते दोन बोटांनी उचलायचा, विंचू उचलावा तसा, आणि नाकाशी न्यायचा. रॉकेलचा वास आला की लगेच खाली ठेवायचा. कुणीतरी आतलं सगळं रॉकेलनं धुतलंय, तेल गेलंय, आता चाकं एकमेकांना खातात, असं सांगायचा. आंबट वास आला तर घाम आत शिरलाय, गंज असणार. आणि कसलाच वास आला नाय तर जास्त भ्यायचा. एवढं जुनं घड्याळ आणि वास नाय म्हंजे कुणीतरी पुसून आणलंय, फसवायला.

भ्यायचा, हे मी उगाच नाय बोलत. एवढा भित्रा माणूस मी दुसरा बघितला नाय. मुरबाडच्या बाजारात त्याची पथारी माज्या शेजारी. मी वाल, नागली, पावसात रानभाजी घेऊन बसायची. तो जुनी चावीची घड्याळं. बांबूला बांधलेली मोठी काळी छत्री, खाली चादर, चादरीवर घड्याळं मांडलेली, मागं लाकडी पेटी. पेटीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, चोरानं ओढली तर कळावं म्हणून. एखाद्या मोटारसायकलीचा सायलेन्सर फाटकन वाजला की हा जागेवरून उडायचा, आणि दोरीनं पेटी पण उडायची. पलीकडची लसूणवाली मंजुळा त्याला ससा बोलायची. "सशा, टायर फुटला, लढाई नाय लागली," असं. तो हसायचा, पण हात छातीवर असायचा.

दोन्ही मनगटांवर घड्याळ घालायचा. लोकं थट्टा करायची. तो बोलायचा, एकावर भरवसा ठेवायचा नाय. आणि दोघांचं भांडण झालं तर न्याय कोण करणार, म्हणून तिसरं खिशात.

पूर्वी भातसानगरला धरणावर रोजंदारीला होता. चांगलं काम होतं. पण रात्री त्याला धरणाची भिंत दिसायची आणि भिंतीमागचं पाणी. तो बोलला, बाय, मला तिथं झोपच येईना, येवढं पाणी गप बसलंय हे बघूनच भ्या वाटायची. सोडून दिलं काम. मग कल्याणला फूटपाथवर एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याच्या हाताखाली बसला, तिथं शिकला.

आणि पूल. घरी जाताना आमची जीप एकच, किन्हवलीच्या बाजूची. मधी काळू नदीचा पूल. पूल आला की लखूभाऊ ड्रायव्हरला थांबवायचा, उतरायचा, आणि कठड्याला धरून चालत पलीकडं जायचा. जीप पलीकडं त्याच्यासाठी उभी राहायची. रोजची लोकं ओरडायची, नवीन माणसाला वाटायचं ह्याला लघवीला लागली. ड्रायव्हर बोलायचा, हा ससा पाण्यावरनं जात नाय, थांबा जरा.

मी हसायची नाय. भ्या मला ठाव होती. माजा घरवाला विहिरी खणायचा. एका विहिरीत सुरुंग लावला, तो उडालाच नाय. सगळी वर बसून राहिली, वाट बघितली, विड्या ओढल्या. मग हा बघायला खाली उतरला, तवा उडाला. बाळू माजा लहान होता, कडेवर. रडायला टाइम नव्हता, भाताचं आवण लावायला आलेलं. दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभी राहिली ती आजपर्यंत कुठं ना कुठं उभीच हाय.

हे मी लखूभाऊला एकदा सांगितलं. लोकं ऐकली की बोलतात, अरेरे, देवाची इच्छा. तो तसं काय बोलला नाय. हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "किती वेळ गप होता तो सुरुंग?"

मी बोलली, काय माहीत, मोप वेळ.

त्या दिवशी त्यानं एकही घड्याळ विकलं नाय. संध्याकाळी सामान आवरताना मला बोलला, "बाय, बंद पडलेलं घड्याळ गरीब असतं. तुला कळतं, बंद हाय. मी भितो ते थांबून परत चालणाऱ्याला. ते तुज्याकडं बघून खोटं बोलतं, आणि टिकटिक पण करतं."

त्याचं काम बघून बघून मला पण थोडं कळायला लागलं होतं. वास झाला की तो चावी फिरवायचा, हळू, दोन बोटांत. चावी नुसतीच फिरत राहिली, कुठं अडलीच नाय, म्हंजे आतली कमान तुटलेली. दगडासारखी घट्ट असली तर तेल सुकलेलं. मग कानाला. आधी तोंड वर करून, मग पालथं, मग उभं. तीन तऱ्हेनं ऐकायचा, डोळे मिटून, आणि एक बोट वर, म्हंजे आमी सगळ्यांनी गप बसायचं. भर बाजारात कोण गप बसतो, पण मंजुळा आणि मी बसायचो. मग काटे फिरवायचा, मोठा काटा बारीक काट्याला घासतो का ते बघायचा. शेवटी भिंग डोळ्याला लावून मागचे स्क्रू. स्क्रूची खाच झिजलेली असली की बोलायचा, ह्याच्या पोटात मोप जणांनी हात घातलेत.

एकदा एक माणूस आला, झकपक, गळ्यात साखळी. घड्याळ तर असं चकाचक की मंजुळा लसूण सोडून बघायला आली. तो किंमत बोलला. लखूभाऊ नुसता वास घेत बसला. तेवढ्यात त्या माणसानं निम्मी किंमत केली. लखूभाऊनं घड्याळ चादरीच्या कडेला सरकवलं, आपल्यापासून लांब. नको बोलला.

"का रे? घाबरला काय?" तो माणूस बोलला.

"घाबरलो," लखूभाऊ बोलला. "तोंड एकाचं, काटे दुसऱ्याचे, आतलं यंत्र तिसऱ्याचं. तीन मढ्यांचा एक नवरदेव केलाय दादा. मी ह्याला घरात नाय घेणार."

सगळा बाजार हसला. तो माणूस शिव्या घालत गेला. पण लखूभाऊ हसत नव्हता. तो माणूस परत येऊन मारेल म्हणून दिवसभर मान वळवून रस्त्याकडं बघत होता. जाताना माजी टोपली डोक्यावर चढवून दिली आणि बोलला, माज्याबरोबर जीपपर्यंत चल गो बाय.

त्याच्याकडं घ्यायला येणारी लोकं आपल्यासारखीच. कोण गवंडी, कोण दूधवाला, कोण पोरीच्या लग्नात जावयाला द्यायला. नवं घ्यायची ऐपत नाय, पण हातात घड्याळ पायजे. त्यांना तो घड्याळाचं वाईट आधी सांगायचा. हे हिवाळ्यात मागं पडतं. ह्याची तारीख हातानं फिरवू नका, दात मोडतील. ह्याच्या तोंडाला नवा रंग मारलाय, म्हातारीला पावडर लावल्यासारखा, पण पोट चांगलं हाय. मंजुळा बोलायची, असा धंदा करतात काय, मी गिऱ्हाइकाला सांगते का लसूण किडकी हाय. तो बोलायचा, लसणीनं कुणाची गाडी चुकत नाय.

मग आमच्या वाडीच्या मागच्या टेकडीला खदान आली. शहापूरच्या बाजूनं रस्ता केला, क्रशर बसवला. बाळूला तिथं काम लागलं. मी त्याला नको बोलली, एकदाच बोलली. तो बोलला, आये, दोन पोरं हायेत माजी, शेतात काय हाय. त्याचं पण बरोबर. पण भिंतीला टेकून बसली की पाठीला खदानीची धडधड लागायची.

त्याचं काम झेंड्याचं. सुरुंग दुपारी एकला उडवायचे. टेकडीच्या मागनं आमच्या वाडीची पाऊलवाट जाते, बाया सरपणाला, मोहाच्या फुलांना त्याच वाटेनं जातात. एकच्या आधी बाळूनं ती वाट मोकळी करायची, लाल झेंडा घेऊन मोहाच्या झाडाशी उभं राहायचं, कुणाला पुढं सोडायचं नाय. मुकादम शिट्टी मारायचा, पण क्रशर चालू असला की टेकडीमागं शिट्टी पोचत नाय. इकडचा तिकडं दिसत नाय. म्हणून सगळं घड्याळावर. एक म्हंजे एक.

आणि मोबाईल चालत नव्हता. सुरुंगाच्या दिवशी सकाळीच मुकादम सगळ्यांचे मोबाईल गोळा करून पेटीत ठेवायचा, ऑफिसच्या खोलीत. सुरुंगाच्या वायरींजवळ मोबाईल नको, सेलवालं घड्याळ पण नको, सेलवालं काहीच आत न्यायचं नाय असा त्यांचा नियम. चावीचं घड्याळ चालेल बोलले. म्हणून मी बाळूला घेऊन लखूभाऊकडं आली.

खदानीचं नाव ऐकलं आणि तो मागं सरकला. "नको बाय. सुरुंगाच्या कामाला माजं घड्याळ नको." मी बोलली, मग काय अंदाजानं उभा राहू दे काय त्याला? माज्या तोंडाकडं त्यानं बघितलं आणि पेटी पुढं ओढली.

त्या दिवशी माल विकायचा राहिला माजा, बसून बघत होती. एकेक घड्याळ काढायचा आणि बाजूला टाकायचा. ह्याला चुंबक लागलंय, पुढं धावतं. ह्याची चावी कपड्यात अडकून बाहेर येते. हे चांगलं, पण काच सैल, खदानीची धूळ आत जाईल. बाळू कंटाळला, बोलला, काका, एवढं काय, कुठलंही द्या. लखूभाऊनं मान पण वर केली नाय. शेवटी एक काढलं, साधं, पांढऱ्या तोंडाचं, मोठे काळे आकडे. ते पण लगेच दिलं नाय. बोलला पुढच्या बाजाराला या. सगळा आठवडा स्वतःच्या हातावर बांधून फिरला. झोपला पण त्याच्यासकट. मग बाळूच्या हातात बांधलं आणि बजावलं, सकाळी उठल्यावर चावी द्यायची, मोबाईलला लावून घ्यायचं. आणि घामाला जप. घाम आत गेला की हे मेलं. घाम लागू देऊ नको, दोनदा सांगितलं.

थंडीभर ते घड्याळ असं चाललं की मला जरा झोप लागायला लागली. मधी खदानीचं भोकं पाडायचं मशीन बिघडलं, सुरुंग बंद झाले, नुसतं दगड भरायचं काम. होळी गेली, ऊन वाढलं. मशीन दुरुस्त झालं. एका बाजाराच्या दिवशी सकाळी बाळू घरनं निघताना बोलला, आज परत सुरुंग हाय. मी टोपली घेऊन बाजाराला आली. बसायला पायजे होतं घरी, पण घरी बसून तरी काय, कानात बोटं घालायची.

लखूभाऊनं विचारलं, काय बाळूचं घड्याळ कसं हाय. बरं वाटावं म्हणून मी बोलली, तुमचा शब्द पाळतो हो. ऊन किती हाय, सगळे घामानं निथळतात, पण घड्याळाला घामाचा थेंब लागू देत नाय. ऊन वाढलं तसं कामावर गेला की मोहाच्या फांदीला टांगतो, पट्ट्यानं. आज तर झेंडा खाली, घड्याळ वर. येता-जाता बघतो.

लखूभाऊच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यानं खाली ठेवला.

"टांगतो?"

"हां. सकाळपासनं टांगलेलं असतं."

त्याच्या कपाळावर घाम आला, मी बघत होती. मग तोंडातल्या तोंडात बोलला, "मी टांगून बघितलेलं नाय."

मी बोलली, म्हंजे काय?

"निजवून बघितलं. हातावर बघितलं. उभं धरून बघितलं, पण माज्या हातात. हात हालतो बाय. हातावरचं घड्याळ माणूस हालवत असतो, त्याला कळत नाय. ते जुनं हाय, आतल्या चाकाची टोकं झिजलीत. हालतंय तोपर्यंत चालेल. उभं टांगलं की दमेल, थांबेल. वारा आला की फांदी हालेल, परत चालेल." मग माज्याकडं बघितलं. "हातातलं घड्याळ कुणी झाडाला टांगतं काय गो? मला कसं सुचलं नाय? मीच घाम घाम करत बसलो."

मी माजा फोन काढून बाळूला लावला. बंद. मुकादमाचा नंबर होता, तो पण बंद. लखूभाऊनं दोन्ही मनगटं बघितली, आणि उठला. अंगठ्याची दोरी सोडली नाय, तोडली. पेटी उघडी, घड्याळं चादरीवर तशीच. ज्या माणसानं मुतायला जाताना पण पेटी काखेत धरली, तो मंजुळेला नुसतं बघ बोलला आणि चालायला लागला. मंजुळा त्याला ससा नाय बोलली.

जीप उभी होती. ड्रायव्हर बोलला, भरली की सोडतो, बाजार आत्ता कुठं लागलाय. लखूभाऊनं उजव्या हातातलं घड्याळ काढलं. त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं, कुणाला विकत नव्हता ते. ड्रायव्हरच्या पुढं ठेवलं.

"भरली समज. चल."

ड्रायव्हरनं घड्याळाकडं बघितलं, लखूभाऊच्या तोंडाकडं बघितलं, आणि गाडी काढली.

सरळगावपर्यंत तो डाव्या हाताचं घड्याळ सारखं कानाशी नेत होता. एकदा बोलला, आता एकच राहिलं, हे खरं बोलतंय का कुणाला विचारू. खिशातलं काढलं, ते चावी द्यायची राहून बंद पडलं होतं. रस्त्यात म्हशी आल्या. मी काय करत होती मला आठवत नाय. पदराचं टोक दातात धरून बसली होती, ते घरी गेल्यावर बघितलं तर चावून चावून त्याचे धागे झालेले.

पूल आला. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी हळू केली. लखूभाऊनं डोळे मिटले, पुढच्या दांडीला धरलं, आणि बोलला, थांबू नको रे. पूल संपेपर्यंत त्याचे ओठ हालत होते. कुठल्या देवाला बोलत होता काय माहीत.

जीप वाडीपर्यंत जात नाय. फाट्यावर उतरून पाऊलवाट धरली. क्रशरचा आवाज लांबनं यायला लागला. मी म्हातारी, पण त्या दिवशी पाय माजे नव्हते. मोहाचं झाड दिसलं तवा आधी मी लाल झेंडा शोधला. झेंडा खाली, बुंध्याशी, गुंडाळलेला. बाळू नाय. फांदीला घड्याळ टांगलेलं, हळू हळू हालत होतं.

झाडापुढं वाटेवर ठाकरवाडीच्या बाया टोपल्या घेऊन चाललेल्या, मोहाची फुलं गोळा करून, खदानीच्या दिशेनं. झेंडा नाय म्हंजे वाट मोकळी, त्यांचं काय चुकलं.

लखूभाऊनं टांगलेल्या घड्याळात बघितलं. मग आपल्या हातात. दोघांचा टाइम जुळत नव्हता. टांगलेल्या घड्याळाला कान लावला.

"चालू हाय," बोलला. "बंद पडलं असतं तर बाळूला कळलं असतं."

मी विचारलं, किती वाजलेत खरे. त्यानं सांगितलं नाय. "बायांना मागं घे," एवढं बोलला, आणि खदानीच्या बाजूला पळाला.

मी त्याला पळताना कदी बघितलं नव्हतं. एक चप्पल तिथंच वाटेत राहिली. दिवाळीत घराची दारं लावून कानात कापूस घालून बसणारा माणूस. मी झेंडा उचलला आणि बायांच्या पुढं जाऊन आडवी उभी राहिली. मागं व्हा गो, मागं व्हा, एवढंच तोंडातनं येत होतं. एक पोरसवदा बाय बोलली, म्हातारे, काय झालं तुला. मी झेंड्याची काठी तिच्या छातीला लावली. तिला मागं ढकलत नेली, सगळ्यांना, वळणाच्या पलीकडं.

टेकडीच्या उतरणीवरनं त्याचा आवाज आला. बारीक आवाज त्याचा, बाजारात कदी मोठ्यानं बोलला नाय. "बाळूऽऽ", असा. परत एकदा. क्रशर तो आवाज खात होता. मग अजून एकदा, आणि मधीच तुटला.

मग जमीन उचलली.

आवाज मी सांगू शकत नाय. छातीत लागला, कानात मागनं आला. दगड झाडांमधनं येत होते, पानं तोडत. बाया खाली बसल्या, टोपल्या सांडल्या. मी उभीच. बसली तर परत उठणार नाय असं वाटलं. धूळ आली, सगळं पिवळं झालं. माज्या घरवाल्याच्या विहिरीवर पण अशीच धूळ होती. मी त्या धुळीत बघत उभी होती आणि मला माहीत होतं, आता ह्यातनं कोण येणार, किंवा कोण नाय येणार, त्याच्यावर माजं राहिलेलं आयुष्य हाय.

मोप वेळानं धुळीत काहीतरी हाललं. एकच माणूस वाटला, मोठा, वाकडा. जवळ आला तवा दिसलं, बाळू होता, पाठीवर लखूभाऊ.

बाळूनं मग सांगितलं. घड्याळात अजून टाइम दिसत होता, म्हणून तो पाण्याचा कॅन आणायला खाली खदानीच्या काठाला गेला होता. लखूभाऊनं त्याला हाताला धरून एका मोठ्या दगडामागं ओढला, आणि त्याच्या अंगावर पडला. बाळूच्या कानांवर स्वतःचे हात दाबून धरले. स्वतःच्या कानांना हात उरले नाय.

त्याच्या दोन्ही कानांतनं रक्त येत होतं, मानेवर. बाळूनं त्याला झाडाशी टेकवून बसवलं. मी त्याच्यापुढं बसली. तो माज्याकडं बघून मोठ्यानं बोलला, ऐकू येत नव्हतं म्हणून मोठ्यानं, "ते घड्याळ उतरव गो झाडावरनं."

शहापूरला नेलं. एक कान गेला तो गेलाच. दुसऱ्यात क्रशरसारखी घरघर राहिली. बाळूनं खदान सोडली. आता किन्हवलीला एका भाताच्या गिरणीत जातो, खांद्याला पोती, पाठीला दुखणं. दुखू दे.

वाडीतली लोकं लखूभाऊला बघायला गेली. कोण बोललं, तू तर वाघ निघालास. त्याला ऐकू नाय आलं, मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्यानं मान हालवली. "भ्यालो नसतो तर गेलो नसतो," बोलला. "भ्यालो म्हणून तर उठलो."

मला वाटलं आता हा बाजाराला येणार नाय. घड्याळवाला कानावर जगतो. पण पावसाआधी एका बाजाराला आला. तीच चादर, पेटी, अंगठ्याला नवी दोरी. मंजुळेनं सगळी घड्याळं राखून ठेवली होती, मोजून दिली त्याला. तो छत्रीखाली बसला. एका गवळ्यानं घड्याळ आणलं. लखूभाऊनं आधी वास घेतला. चावी फिरवली. मग घड्याळ कानाला नेलं, तिथंच थांबला, आणि हात खाली घेतला. मी दुसरीकडं बघितलं. परत बघितलं तर त्यानं घड्याळ पुढच्या दातांत धरलं होतं, हलकं, करवंद धरावं तसं. डोळे मिटलेले. एक बोट वर. सगळा बाजार ओरडत होता, त्याला काय फरक पडत नव्हता, तरी बोट वर. मंजुळा आणि मी गप बसलो.

दातातनं कळतं बोलला. थरथर येते. मग ते घड्याळ पट्ट्यानं छत्रीच्या काडीला टांगलं आणि गवळ्याला बोलला, संध्याकाळी ये. सगळीच टांगायला लागला तो त्या दिवसापासनं. छत्रीला चारी बाजूंनी घड्याळं, वटवाघळांसारखी, आणि खाली हा, एकेकाकडं बघत, आता कुठलं फसवतंय म्हणून.

शेवटचा मी त्याला बघितला तो पुलावर. पावसाळा संपत आलेला, काळूला तांबडं पाणी होतं. आमी बाजारातनं परत निघालो होतो. पूल आला, जीप थांबली, लखूभाऊ उतरला. जीप निघाली आणि माज्या मनात आलं, ह्याला मागनं येणारी गाडी ऐकू येणार नाय. मी ड्रायव्हरच्या पाठीवर हात मारून गाडी थांबवली आणि मी पण उतरली. ड्रायव्हर बोलला, आता दोन ससे झाले. बोलू दे.

तो कठड्याला धरून पुढं चालला होता. मी मागनं, रस्त्याच्या बाजूनं, म्हंजे गाडी आली तर आधी मला दिसेल. मी मागं हाय हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं पण नाय. पुलाच्या मधी तो थांबला. खाली पाण्याकडं बघितलं नाय. खिशातनं एक घड्याळ काढलं, पांढऱ्या तोंडाचं, मोठे काळे आकडे. बाळूचं. ते त्यानं परत घेतलं होतं, कुणाला विकलं नव्हतं. दातांत धरलं, डोळे मिटले, आणि तसाच उभा राहिला. वारा होता. मी पण उभी राहिली, मागनं गाडी येते का बघत. मग त्यानं ते काढलं, शर्टाला पुसलं, खिशात आडवं ठेवलं, वरनं हात दाबून धरला, आणि एक हात कठड्याला, एक हात खिशावर, असा हळू हळू पलीकडं चालत गेला.